एफसी कोल्हापूर सिटी

एफसी कोल्हापूर सिटी हा महाराष्ट्रातील कोल्हापूर शहराचा महिला फुटबॉल संघ होय. भारतीय महिला लीग या राष्ट्रीय स्पर्धेच्या २०१८-१९ आणि २०१९-२० या लागोपाठच्या दोन हंगामांत तो खेळला. काही ठिकाणी त्याचा उल्लेख 'कोल्हापूर सिटी एफसी' असाही आढळतो.

पार्श्वभूमी

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ मानला जातो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावेच कुस्तीच्या परंपरेशी असलेले त्यांचे नाते सांगतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन भरवते आणि प्रेक्षागृह गर्दीने फुलून जाते. मात्र तालीम ही मुळातच पुरुषांची जागा. मुलाला पेठेतच संघ सापडतो. मुलीला फुटबॉलची पहिली ओळख बहुधा शाळेच्या मैदानावर होते. आंतरशालेय स्पर्धांत आणि सुब्रतो चषकात मुलींचे स्वतंत्र गट असतात. शाळा संपली, की पुढे खेळायचे कोठे, हा खरा प्रश्न असतो. शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या गगनबावड्यासारख्या तालुक्यात तर तो अधिकच बिकट होतो. तेथे पावसाचे चार महिने सपाट मैदानही चिखलाचे असते. शहराच्या नावाने महिलांचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये उतरला, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

राष्ट्रीय लीगमधील सहभाग

भारतीय महिला लीग २०१६-१७ च्या हंगामापासून सुरू झाली. त्या पहिल्या हंगामातील सहा संघांत महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी होता. कोल्हापूरचा संघ प्रथम २०१९ च्या मे महिन्यात लुधियाना येथे खेळला. त्या वेळी बारा संघ होते. शेजारच्या गोव्याचा पणजी फुटबॉलर्स हा त्यांपैकी एक. अंतिम सामन्यात तामिळनाडूच्या सेतू एफसीने मणिपूर पोलीस संघाला ३-१ असे हरवले. पुढचा हंगाम २०२० च्या प्रारंभी बंगळुरूत झाला आणि गोकुलम केरळ विजेता ठरला. दोन्ही वेळा कोल्हापूरला उपांत्य फेरी गाठता आली नाही.

या निकालांकडे पाहताना स्पर्धेची रचना ध्यानात घ्यावी लागते. बारा संघांचे सहा-सहांचे दोन गट असत आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे जात. म्हणजे गटात बाद झालेल्या संघाच्या वाट्याला राष्ट्रीय लीगचे केवळ पाच सामने, तेही अवघ्या काही दिवसांत आणि घरापासून शेकडो कोस दूर. फुटबॉलसाठी रस्ते ओस पडणाऱ्या शहराला आपल्याच महिला संघाचा लीग सामना शाहू स्टेडियमवर पाहता आला नाही, हा या पद्धतीचाच परिणाम.

नंतरची स्थिती

२०२१-२२ मध्ये महाराष्ट्रातून मुंबईचा पिफा स्पोर्ट्स खेळला. कोल्हापूरचे नाव नव्हते. २०२३-२४ पासून लीगचे सामने संघांच्या स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आलटून-पालटून होऊ लागले. त्यामुळे संघांना घरचा प्रेक्षक मिळाला, पण हंगामभराच्या प्रवासाचा खर्चही पत्करावा लागला. संघांची संख्या सातवर आली. त्या सातांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. त्याच हंगामात लीगचा दुसरा स्तरही सुरू झाला.