एकाच लिपीचा चकवा

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या घाटाखालचा मुलूख. संत्र्यांचे बगीचे, कापूस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमारीची दगडफेक. आणि बहुतेक घरांत मराठी. मध्य प्रांत १८६१ साली झाला तेव्हापासून या मुलखाची राजधानी नागपूर. प्रांतच दुभाषी, त्यामुळे मराठी शाळा ही मागून घ्यायची सवलत नव्हती. १९३७ साली जवळच वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, तिनेही पहिली सात वर्षे मातृभाषेतूनच शिकवावे असे ठरवले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, तो त्या आठांत नव्हता. जिल्हा एकूण हिंदी, म्हणून त्याचा दक्षिणेकडचा मराठी भागही मध्य प्रदेशातच राहिला. सरकार भोपाळला गेले, बाजार आणि सोयरिकी मात्र नागपूरकडेच राहिल्या.

कायद्याने इथल्या मराठी मुलांना वाऱ्यावर सोडले नव्हते. प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या १९४९ च्या परिषदेने नियम घातला होता: एका भाषेची शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील, तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून द्यावे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आणून त्याला घटनेचा आधार दिला. म्हणजे ज्या वर्षी सीमा आखली, त्याच वर्षी सीमेपलीकडे राहिलेल्यांची तरतूदही झाली. पण अशी तरतूद मागणाऱ्यांच्या जोरावर चालते, आणि नोकरीच्या अर्जाची भाषा हिंदी झाल्यावर आईबाप मराठी शाळेसाठी का भांडतील? त्यांना दोष देणे मला पटत नाही.

आज इथली बहुतेक मुले वाचायला शिकतात ती हिंदीतून. या मुलांची अडचण मोठ्यांच्या लक्षात सहसा येत नाही, कारण दोन्ही भाषांची लिपी एकच. बेळगावचे मराठी मूल कन्नड शाळेत गेले तर पहिल्याच दिवशी अक्षराला अडते आणि मास्तरांना कळते की याला आधार हवा. पांढुर्ण्याचे मूल अडत नाही. त्याच्यापुढे ‘नाव खाली थी’ असे वाक्य ठेवा; ते खणखणीत वाचील. होडी रिकामी होती, एवढाच त्याचा अर्थ. मुलाच्या डोक्यात मात्र कुणाचे तरी नाव पानाच्या तळाशी लिहिलेले असते. उच्चारात चूक नाही, म्हणून दुरुस्ती नाही. अशी वाक्ये साठत जातात आणि चौथी-पाचवीत इतिहास-भूगोलाचे धडे सुरू झाले की ‘पोरगं वाचतं, पण अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा बसतो.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हेच सूत्रात मांडले: वाचन म्हणजे अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळेच शून्य. दोन वर्षांनी रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. खेळ जाणणारी पण वाचनात कच्ची मुले, खेळ न जाणणाऱ्या हुशार वाचकांपेक्षा सरस ठरली. गोटमारीवरचा उतारा दिला तर भोपाळचे मूल आणि सावरगावचे मूल यांत कोण पुढे जाईल, हे सांगायला नको. आंबिया बहार, मृग बहार, झाडाला दिलेला ताण: बागाईतदाराच्या सहा वर्षांच्या पोराजवळ हे शब्द असतात. पुस्तकाने ते कधी विचारले नाहीत.

शेजारच्या बैतुल जिल्ह्यात शाहपूरला ‘एकलव्य’ या संस्थेने ऐंशीच्या दशकात प्राथमिक शिक्षणाचा जो कार्यक्रम चालवला, त्याची ‘खुशी-खुशी’ ही पुस्तके मुलांच्या बोलण्याला वर्गात जागा देणारी होती. इकडे महाराष्ट्रात फलटणला मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तोच धागा धरला. त्याआधीही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांची बोली शाळेत आणली होती. ही कामे जवळपास असूनही घाटाखालच्या मराठी मुलांचा प्रश्न कुणाच्या यादीत ठळक आला नाही. आदिवासी मुलाची भाषा वेगळी हे चटकन पटते. मराठी मुलाला हिंदी ‘येतेच’ असे धरले जाते. नुसती मराठी पुस्तके आणूनही भागणार नाही, कारण इथल्या काही घरांत पवारी बोलतात आणि उरलेल्यांची वऱ्हाडी-नागपुरी बोली पुण्याच्या छापील मराठीपासून बरीच लांब आहे.

२०२१ च्या निपुण भारत अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द वाचणे, तेही अर्थासह, असे लक्ष्य ठेवले. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घाटावरचा हिंदी भाग वगळून हा मराठी मुलूख प्रथमच एका जिल्हा कार्यालयाखाली आहे. त्या कार्यालयाला साठ शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ तपासायला मात्र पुस्तक मिटून ‘आता तुझ्या घरच्या भाषेत सांग, काय झालं?’ असे विचारावे लागते. त्याला नवे अनुदान लागत नाही, आणि इथल्या बहुतेक गुरुजींना ती भाषा घरूनच येते.