शाळेने पोलिसांना कधी बोलवावं?
वर्गातली ढकलाढकली, बाकावर कोरलेली शिवी यांसाठी पोलीस नकोत; ते काम शिक्षक-पालकांचं. लैंगिक अत्याचाराचं तसं नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आमची समिती चौकशी करेल’ ही सबब चालत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. मुलाचा जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायचा असतो. त्याचं नाव शाळेच्या फलकावर असायलाच हवं. मूल स्वतःही १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करू शकतं.