कारध्यापर्यंत न आलेली कॅप्सूल
भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलाखालचं वैनगंगेचं पाणी प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेनं समुद्राला मिळतं. समुद्राकडून कारध्याला मात्र येतात त्या मोबाइलवरच्या बातम्या. 'शेवाळाच्या गोळ्यांनी गेलेली स्मरणशक्ती परत येते' ही त्यातलीच एक. ज्या घरात आजोबांना संध्याकाळी स्वतःचंच अंगण परकं वाटू लागतं, तिथे अशी बातमी सोडवत नाही. साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. तेव्हा तिच्यात खरं किती, हे बघायलाच हवं.

खरं बरंच आहे, आणि तिथेच फसगत होते. मालवणच्या खडकांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शैवाल वाढतं. त्याच्या फांद्यांना वाटाण्याएवढ्या हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे ते पाण्यात उभं राहतं. अशा तपकिरी शैवालांत फ्युकोइडान, फ्युकोझँथिन, फ्लोरोटॅनिन ही द्रव्यं सापडतात. मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या होऊ न देणं, दाह कमी करणं, असिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला आवर घालणं, असे त्यांचे गुण परीक्षानळीत आणि उंदरांत दिसले आहेत. पण रक्तातून मेंदूत शिरणं सोपं नाही. फ्युकोइडानचा रेणू तर चांगलाच अवजड. उंदीर चक्रव्यूहातून लवकर बाहेर पडला, एवढ्यावर माणसाला नातवाचं नाव आठवेल असं धरून चालता येत नाही.

शैवालापासून केलेलं अल्झायमरवरचं एकच औषध बाजारापर्यंत पोचलं: चीनमधलं जीव्ही-971. तपकिरी शैवालातलं अल्जिनेट, म्हणजे आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच, तोडून त्याच्या छोट्या साखळ्या करायच्या आणि कॅप्सूलमध्ये भरायच्या. मात्रा रोज 900 मिलिग्रॅम. 818 रुग्णांवर 36 आठवडे चाचणी झाली आणि 2 नोव्हेंबर 2019 रोजी चीननं सशर्त मंजुरी दिली. 2003नंतर जगात कुठेही मंजूर झालेलं अल्झायमरचं हे पहिलं नवं औषध, त्यामुळे गाजावाजा होणारच होता. संशोधकांचं म्हणणं असं की, औषध आतड्यातल्या जिवाणूंचा तोल सावरतं आणि त्यातून मेंदूतला दाह उतरतो. मला ही कल्पना आजही आकर्षक वाटते. आकड्यांचं तसं नाही. खोटी गोळी घेणारे रुग्ण बराच काळ स्थिर राहिले आणि शेवटच्या आठवड्यांत एकदम घसरले. दोन गटांतला फरक मुख्यतः तिथे पडला. अल्झायमर सहसा असा वागत नाही. पुढची आंतरराष्ट्रीय चाचणी 2022मध्ये अर्धवट थांबली. कंपनीनं कोविड आणि पैशाची अडचण ही कारणं दिली. 2024च्या अखेरीस मंजुरीची मुदत संपली आणि 2025मध्ये उत्पादनही बंद पडलं.

वनस्पतीतून औषध निघत नाही, असं यावरून कुणी म्हणू नये. अल्झायमरमध्ये आजही दिलं जाणारं गॅलँटामिन मूळचं स्नोड्रॉपसारख्या फुलझाडांच्या कंदातलं. ते टिकलं, कारण चाचण्यांमागून चाचण्यांत उतरलं. तेही रोग बरा करत नाही. काही काळ लक्षणं सावरतं, इतकंच.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' हा युक्तिवाद? सरगॅसम फ्युझिफॉर्मे या शैवालातल्या सॅरिंगोस्टेरॉलनं उंदरांची स्मृती सुधारल्याचं संशोधन आहे. हेच शैवाल जपानी जेवणात हिजिकी म्हणून खातात, आणि त्यातल्या आर्सेनिकमुळे ते खाऊ नका, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न यंत्रणेनं 2004मध्ये दिला. शैवालातलं जास्तीचं आयोडीन थायरॉइडही बिघडवू शकतं. असला डबा ऑनलाइन मागवताना यातलं काही लेबलावर दिसेलच असं नाही.

आपल्याकडे अडतं ते यापेक्षा फार अलीकडे. विसरायला लागलेल्या माणसाला 'वय झालं' म्हणून दवाखान्यात नेतच नाहीत. बी-12ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, या सगळ्यांत माणूस तसाच भ्रमिष्ट दिसतो, आणि यांवर उपचार आहेत. कारध्याहून भंडारा नदीपलीकडेच आहे. तिथे पहिल्या फेरीत डॉक्टरांना हेच विचारावं.