फॉर्च्युनरच्या दोन पिढ्या आणि व्यापाऱ्याचा हिशेब

पेढीचे काम, शेतावरची कच्ची वाट, सोयऱ्याधायऱ्यांकडील ये-जा आणि पावसाळ्यातील घाट ही चारही कामे एकाच वाहनाकडून व्हावीत, अशी आमच्या सीमाभागातील व्यापारी कुटुंबांची अपेक्षा असते. त्यामुळे चारही चाकांना गती देणाऱ्या मोठ्या मोटारीकडे त्यांचे मन सहज ओढले जाते. नव्या गाडीची किंमत विचारून झाली की पुष्कळजण जुनी गाडी घेण्याकडे वळतात. आणि जुन्या बाजारात पाऊल टाकताच टोयोटाच्या फॉर्च्युनरचे नाव पुढे येते. तेथेच घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, पहिल्या पिढीची घ्यावी, ती साधी आणि दणकट आहे, शिवाय किंमत निम्मी. चिरंजीव म्हणतात, दुसऱ्या पिढीची घ्यावी, तीत सुरक्षितता अधिक आणि चालविण्यास सुख. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि हा वाद आवडीनिवडीवर सोडण्यासारखा नसून खतावणीत मांडून पाहण्यासारखा आहे, असे आमचे मत आहे, आणि तोच प्रयत्न आम्ही ह्या लेखात करीत आहोत.

ह्या गाडीविषयी आमच्या भागाला थोडी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि तेथून त्यांच्या उद्योगाचा ओघ सुरू झाला. त्याच घराण्याचे नाव १९९७ साली स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटर ह्या कंपनीशी जोडलेले आहे, व बेंगळूरूजवळील बिडदी येथील तिच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडते. परंतु आपुलकीवर सौदा होत नसतो. म्हणून आता मुद्द्याकडे वळू.

दोन पिढ्यांची ओळख

पहिली पिढी हिंदुस्थानात २००९ च्या ऑगस्टमध्ये विक्रीस आली. तिला २९८२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन असून त्याची शक्ती १७१ पी. एस. व ओढ ३४३ न्यूटन-मीटर आहे. आरंभी ती केवळ चारही चाकांना गती देणाऱ्या स्वरूपात आणि हाताच्या पाच गिअरांसह मिळे. २०१२ च्या जानेवारीपासून दोनच चाकांना गती देणारे, किंमतीने कमी असलेले प्रकारही निघाले. दुसरी पिढी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आली. तिचे डिझेल इंजिन २७५५ घन सेंटिमीटरचे, म्हणजे आकाराने लहान, परंतु शक्ती १७७ पी. एस. आहे. ओढ हाताच्या गिअरांत ४२० आणि स्वयंचलित गिअरांत ४५० न्यूटन-मीटर. गिअर सहा. २०२१ च्या जानेवारीत तिच्यात सुधारणा होऊन शक्ती २०४ पी. एस. पर्यंत नेण्यात आली. पेट्रोलवरील २.७ लिटरची दुसऱ्या पिढीची गाडीही बाजारात दिसते, पण ती दोन चाकांचीच असल्यामुळे तिचा विचार आम्ही येथे केलेला नाही.

दोन्ही पिढ्यांचा सांगाडा शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर उभा आहे, दोहोंत सात माणसे बसतात व दोहोंच्या टाकीत ८० लिटर डिझेल मावते. दोहोंची पायरीही सारखीच उंच आहे. घरातील वयोवृद्ध मंडळींना चढता-उतरताना होणारा त्रास नव्या पिढीने दूर केलेला नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक चारही चाकांची आणि दुसरी दोन चाकांची असू शकते. शब्दावर विसंबू नये. गाडीत बसून चारही चाकांना गती देणारा दांडा अथवा फिरती कळ आहे काय, आणि ती खरोखर चालते काय, हे प्रत्यक्ष पाहावे.

चारही चाकांचा खरा अर्थ

ह्या ठिकाणी दोन पिढ्यांतील असा एक भेद आहे की जो विक्रेते सहसा सांगत नाहीत. पहिल्या पिढीच्या चारचाकी प्रकारात गती सदैव चारही चाकांना मिळते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये फरक सांभाळणारी यंत्रणा मध्यभागी असल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावरही ती निर्धास्त चालविता येते. चोर्ला घाटात अथवा आंबोलीत पावसाने रस्ता निसरडा झाला असता चालकाला काहीच करावे लागत नाही. दुसऱ्या पिढीत मात्र एरवी गती मागच्या दोन चाकांनाच मिळते व कळ फिरविल्यानंतर ती चारही चाकांना पोहोचते. कळ फिरवून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणे घेत राहिल्यास यंत्रणेवर ताण येतो, म्हणून ती चिखल, वाळू, ओला चढ अशा ठिकाणीच वापरावयाची असते.

ह्यावरून पहिली पिढीच घाटासाठी बरी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दुसऱ्या पिढीत गाडी वळणावर घसरू लागताच एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून तिला सावरणारी यंत्रणा आहे, आणि चढावर गाडी मागे घरंगळू नये ह्याचीही सोय आहे. पहिल्या पिढीत पुढच्या दोन माणसांपुरत्या एअरबॅगा असत. दुसऱ्या पिढीत त्यांची संख्या सातपर्यंत गेली आणि आग्नेय आशियातील सुरक्षा-चाचणीत तिला २०१५ साली पाच तारे मिळाले. चारही चाकांची गती गाडीला रुतू देत नाही, परंतु टक्कर झाल्यावर माणसाला वाचविण्याचे काम तिचे नव्हे. रुतलेली गाडी दोरखंडाने ओढून काढता येते. म्हणून ह्या दोन गुणांना तराजूच्या दोन पारड्यांत सारखे वजन देता येणार नाही.

यंत्र तपासताना

पहिल्या पिढीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो साधारणतः दीड लाख किलोमीटरच्या आत बदलावा लागतो, आणि न बदलता तुटल्यास इंजिनाचे आतील भाग एकमेकांवर आदळून मोठ्या खर्चाचा प्रसंग ओढवतो. तो केव्हा बदलला ह्याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच समजून त्याचा खर्च किंमतीतून वजा करावा. इंजेक्टरांची तपासणीही ह्या इंजिनात अगत्याची आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी प्रथमच सुरू करून घ्यावी. विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होताना अडखळणे, पांढरा धूर, खडखडाट ही लक्षणे दिसल्यास जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.

दुसऱ्या पिढीच्या इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे, त्यामुळे ती चिंता नाही. परंतु तीत विजेवर चालणारी अंगे अधिक आहेत. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनुसारच्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ही गाळणी लांबच्या प्रवासात तापून आपोआप स्वच्छ होते. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढाच प्रवास असणाऱ्या गाडीत ती तुंबण्याचा संभव असतो. ज्यांचे वाहन बहुधा बाजारपेठेतच फिरणार, त्यांनी हा मुद्दा विसरू नये.

पुराविषयीही एक शब्द लिहिणे अवश्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी किती हाहाकार झाला तो आम्हा सर्वांच्या स्मरणात आहे. पाण्यात बुडालेली मोटार धुऊनपुसून विक्रीस ठेवता येते. आसनांखालील रुळांवर गंज, जादा चाकाच्या खोबणीत गाळ, पट्टा पूर्ण ओढला असता दिसणारा चिखलाचा डाग ह्या खुणा मात्र सहज पुसल्या जात नाहीत. बुडालेल्या पहिल्या पिढीची दुरुस्ती कदाचित होईल, पण विजेच्या तारांचे जाळे अधिक असलेल्या दुसऱ्या पिढीचा त्रास वर्षानुवर्षे चालू राहतो. गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीची लोखंडी चौकट खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. खाऱ्या हवेचा गंज वरच्या रंगावरून कळत नाही.

कागदपत्रांचे वय

खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांपुरती असते. पुढे वाहन तपासून घेऊन ५-५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. २००९-१० सालच्या गाड्यांची ही मुदत आता भरून गेलेली आहे. त्या स्वस्त दिसण्याचे हे एक मोठे कारण होय. तसेच २०१६ च्या आरंभी नोंदलेली पहिल्या पिढीची गाडी आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नोंदलेली दुसऱ्या पिढीची गाडी, दोघींचीही मुदत २०३१ सालीच संपते. म्हणजे पिढी निराळी असली तरी कागदावरील वय एकच. ग्वाल्हेरकडील ज्या बांधवांना दिल्लीस वारंवार जावे लागते, त्यांनी तेथील १० वर्षांवरील डिझेल वाहनांविषयीचे निर्बंध पाहून घ्यावेत. हे नियम वेळोवेळी बदलत आलेले आहेत, म्हणून खरेदीच्या दिवशीचा नियम विचारावा.

सीमाभागात महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा अशा तिन्ही नोंदणींच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ आपल्याकडे ठेवल्यास येथील नोंदणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. येथील कर वेगळा भरावा लागतो, व मूळ राज्यातील कराची उरलेली रक्कम मिळविण्यास खेपा घालाव्या लागतात. दोन लाखांनी स्वस्त वाटलेली परराज्यातील गाडी ह्या कराने महाग पडू शकते. बँकेचा बोजा उतरला आहे काय आणि दंडाच्या पावत्या थकलेल्या आहेत काय, हेही पाहावे.

विकणाऱ्यांनाही एक इशारा. गाडी दिली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही, असे आमच्यात ओळखीच्या व्यवहारात सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला आहे की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच मालक समजला जाईल. भिडेपोटी ठेवलेली ही उणीव एखाद्या घराला आयुष्यभर पुरेल एवढी मोठी ठरू शकते. गाडी पेढीच्या नावे असून पेढी वस्तू-सेवा करात नोंदलेली असेल, तर २०२५ च्या जानेवारीपासून जुन्या गाडीच्या विक्रीवर १८ टक्के कर आहे. मात्र तो पूर्ण किंमतीवर नसून नफ्यावर आहे. घसारा घेतला असल्यास विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत ह्यांतील फरकावरच तो लागतो.

खतावणी

आता हिशेब मांडू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या सौद्याचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. समजा, पहिल्या पिढीची गाडी १० लाखांस व दुसऱ्या पिढीची २२ लाखांस मिळते. पाच वर्षांनी त्या अनुक्रमे ४ लाखांस व १२ लाखांस विकल्या. किंमतीतील घट झाली ६ लाख आणि १० लाख. दुरुस्तीचा खर्च पहिलीला ५ लाख व दुसरीला ३ लाख धरू. बेरीज ११ लाख आणि १३ लाख. पुष्कळजण येथेच वही मिटतात आणि फरक दोनच लाखांचा आहे असे म्हणून दुसऱ्या पिढीकडे धाव घेतात.

परंतु एक नोंद राहून गेली. दुसरीत गुंतविलेल्या जादा १२ लाखांचे व्याज कोठे गेले? ९ टक्क्यांनी ते वर्षाला १ लाख ८ हजार व पाच वर्षांत ५ लाख ४० हजार होते. ते मिळविले असता दुसरीचा खर्च १८ लाख ४० हजारांवर जातो. फरक ७ लाख ४० हजारांचा, म्हणजे महिन्याला सुमारे १२ हजार ३०० रुपये. ज्याच्या व्यापारात हेच भांडवल ९ टक्क्यांहून अधिक मिळविते, त्याच्यासाठी हा फरक आणखी वाढेल.

मग प्रश्न उरतो तो एवढाच की दरमहा १२ हजार रुपये आपण कशासाठी देत आहोत. नव्या चेहऱ्यासाठी, शेजाऱ्याच्या दारात उभी आहे म्हणून, अथवा लग्नाच्या वरातीत शोभावी म्हणून देत असू, तर तो खर्च नावे टाकण्याच्याच लायकीचा आहे. परंतु ज्या घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध मंडळी त्या गाडीतून महिन्यातून अनेकदा घाट उतरतात, आणि ज्या घरचा तरुण मुलगा दुकान बंद करून रात्री दीडशे किलोमीटर चालवून येतो, त्या घराने ही रक्कम सुरक्षिततेचा हप्ता समजून द्यावी. अशा घरासाठी २०१७ ते २०१९ मधील, एकाच मालकाची, कारखान्याच्या नोंदींसह मिळणारी दुसऱ्या पिढीची चारचाकी डिझेल गाडी आम्ही योग्य समजतो.

ज्यांचे वाहन मुख्यतः शेत, खाण अथवा गोदाम ह्यांच्या वाटेवर, दिवसा व सावकाश चालणार आहे, आणि गावातच विश्वासू कारागीर आहे, त्यांनी २०१४ ते २०१६ मधील पहिल्या पिढीची गाडी नि:संकोच घ्यावी व उरलेले भांडवल धंद्यात फिरवावे. २००९-१० ची गाडी, ती कितीही चकचकीत असली तरी, घेण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही. आणि ज्यांना चारही चाकांची गरज वर्षातून दोनदाही पडत नाही, त्यांनी ह्या वादात न पडता लहान गाडी घ्यावी. त्यांच्या खतावणीत तीच सर्वांत मोठी जमा ठरेल.

वडील आणि चिरंजीव ह्यांनी ही वही एकत्र बसून लिहावी. खर्चाचे आकडे वडिलांना ठाऊक असतात, रस्त्यावरची रात्र मुलाला ठाऊक असते. दोघांच्या नोंदी एकाच पानावर आल्या म्हणजे कोणती गाडी घ्यावी, ह्याचा निर्णय बहुधा आपोआप होतो.