एका भांड्यातलं फाँड्यू

स्वित्झर्लंडचं फाँड्यू आपल्या घरात अडतं ते चीजपाशी नव्हे, उष्ट्यापाशी! एकाच भांड्यात सगळ्यांनी काटे बुडवायचे म्हटल्यावर सासूबाईंनी पदर सावरला. मी तोडगा काढला : पावाचा तुकडा काट्याने बुडवायचा, बशीत काढायचा आणि हाताने खायचा.

भांड्याला आतून लसूण चोळा. किसलेलं ग्रुयेर चीज कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून व्हाइट वाइनमध्ये मंद आचेवर वितळवा, उकळी नको. वाइनच्या आंबटपणाने चीजच्या गुठळ्या होत नाहीत. वाइन चालत नसेल तर पाणी आणि लिंबाचा रस. तळाशी धरलेली खरपूस खरवड तिकडे मानाची, आमच्याकडे भांडणाची!

शेवटी क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. ही भर न्यूयॉर्कची, १९६०च्या दशकातली. त्यात केळ्याचे काप बुडवताना मात्र मुलांना बशीची आठवण करून द्यावी लागते.