साल निघाली नाही, म्हणजे पील फसला?

केमिकल पील करून घेतलेल्यांकडून एक तक्रार इतक्या वेळा ऐकू येते की तिचा आता वैताग यावा: ‘चार दिवस झाले, साल काही निघाली नाही, पैसे पाण्यात गेले.’ जितकी साल जास्त तितका गुण जास्त, असा हा हिशोब. घाम किती आला यावरून आजार किती बरा झाला हे ठरवण्यातला हा प्रकार आहे. चेहऱ्यावर सहसा केला जातो तो वरवरचा पील. त्यात ग्लायकोलिक आम्ल बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशींमधली पकड सैल करतं आणि त्या पेशी नेहमीपेक्षा लवकर गळतात. त्या इतक्या बारीक असतात की गळताना अनेकदा दिसतही नाहीत. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळणारं असल्याने छिद्रांत उतरून तिथला मळ सुटा करतं, म्हणून ते मुरमांवर उपयोगी. यातल्या कुठल्याही कामासाठी गालावरून पापुद्रे लोंबण्याची गरज नाही. कोणाला साल दिसते, कोणाला नुसता कोरडेपणा जाणवतो, कोणाला काहीच नाही. आणि तिघांनाही गुण येऊ शकतो.

याच समजुतीचं दुसरं टोक म्हणजे बाटलीवरचा आकडा. ‘त्यांनी 30 टक्क्यांचा लावला, मी ऑनलाइन 70 टक्क्यांचा मागवला.’ टक्केवारी ही अर्धीच माहिती आहे. त्वचेत शिरतं ते प्रामुख्याने मुक्त आम्ल, आणि त्याचं प्रमाण ठरतं पीएचवर. ग्लायकोलिक आम्लाच्या बाबतीत पीएच 3.8 च्या आसपास असेल तर निम्मं आम्ल मुक्त असतं, पीएच 4.8 झाला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे 4.8 पीएचच्या 70 टक्के द्रावणात कामाचं आम्ल साधारण 6-7 टक्के, आणि 2.8 पीएचच्या 20 टक्के द्रावणात सुमारे 18 टक्के. उलट 70 टक्क्यांच्या बाटलीतलं आम्ल मुळीच उदासीन केलेलं नसेल, तर तिचा पीएच 1 च्याही खाली असू शकतो आणि ती काही मिनिटांत चेहरा भाजू शकते. आकडा तोच, परिणाम दोन टोकांचे. त्यातही किती थर दिले, किती वेळ ठेवलं, त्वचा आधी कशी पुसली, हे सगळं मोजावं लागतं. ग्लायकोलिक घड्याळ लावून आणि लाली पाहून वेळेवर निष्प्रभ करावं लागतं. ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाचं वेगळं: लावल्यावर थोड्याच वेळात त्वचेवर पांढुरकी झाक चढते. ती म्हणजे गोठलेली प्रथिनं, आणि किती खोल गेलो हे तिच्यावरूनच कळतं. ती झाक दिसल्यावर पाण्याने धुऊन झालेलं काम मागे घेता येत नाही. सॅलिसिलिकनंतरही चेहरा पांढरा दिसतो, पण ती अल्कोहोल उडून मागे राहिलेली भुकटी असते, ओल्या कापडाने पुसली जाते. या दोन पांढऱ्यांतला फरक न कळणाऱ्याने बाटली हातात धरू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2024 च्या जुलैमध्ये तीव्र आम्लांचे पील देखरेखीशिवाय घरी वापरू नयेत, असा जाहीर इशारा दिला तो उगीच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण आपली त्वचा. सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी इजेला तत्परतेने उत्तर देतात: दाह झाला की रंगद्रव्य वाढतं आणि तिथे काळा डाग उमटतो, जो जायला महिने लागतात. म्हणजे वांग घालवायला गेलेली बाई ‘जरा जोरात करा’ म्हणाली, किंवा सुटू लागलेली साल तिने नखाने ओढली, तर जे घालवायचं तेच वाढवून घरी येते. सौम्य पील पुरेसे ठरतात का, याची शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पर्ल ग्राइम्स यांचा 1999 चा अभ्यास पाहावा. गडद त्वचेच्या 25 रुग्णांना आधी हायड्रोक्विनोन हे डाग फिकट करणारं औषध देऊन 20 आणि 30 टक्के सॅलिसिलिकचे पील केले गेले. 88 टक्के रुग्णांमध्ये मध्यम ते लक्षणीय सुधारणा दिसली, तर 16 टक्क्यांना किरकोळ त्रास झाला. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी वेगळा गट नाही, हे खरं; पण गुण यायला चेहरा सोलून निघावा लागतो, या दाव्याच्या बाजूने तर एवढंही दाखवता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: खोल व्रण, खोल सुरकुत्या वरवरच्या पीलने जात नाहीत. बरोबर, जात नाहीत. फिनॉलचा खोल पील सुरकुत्यांवर प्रभावी आहे, पण फिनॉल रक्तात शोषलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून तो करताना हृदयावर सतत नजर ठेवावी लागते. शिवाय सावळ्या त्वचेवर रंग कायमचा उडण्याचा धोका. मुरमांच्या टोकदार, खोल खड्ड्यांसाठी मात्र कोरियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2002 मध्ये सावळ्या त्वचेवरच एक पद्धत मांडली. त्यात 65 ते 100 टक्के ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल लाकडी काडीच्या टोकाने फक्त खड्ड्याच्या तळाशी दाबतात. खोली हवी असते ती अशी, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत; सबंध गालावर नव्हे.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. पीलने माणूस गोरा होत नाही. डाग फिकट होतात, जन्मजात वर्ण तोच राहतो. त्वचा कायमची पातळ होत नाही. उलट 1996 च्या एका अभ्यासात ग्लायकोलिकसारख्या फळाम्लांचं 25 टक्के लोशन सुमारे सहा महिने लावलेल्या हातांची त्वचा जाड झालेली आढळली. लिंबू चोळणं हा ‘नैसर्गिक पील’ नाही: त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड येऊन काळे चट्टे उठू शकतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्यांनी सहा महिने पीलचं नाव काढू नये, हा जुना नियमही वरवरच्या पीलपुरता 2017 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी सैल केला, कारण त्यामागे पुरेसा पुरावा सापडला नाही. आणि लग्नाच्या आठवड्यात पहिलाच पील कोणी करू नये. त्वचेच्या पूर्वतयारीलाच दोन ते चार आठवडे लागतात, पुढचे चार-सहा पील दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने होतात. तेव्हा मुहूर्त निघाला की चार महिने मागे मोजून डॉक्टरांची वेळ घ्यावी.