संगणक-जाळ्याचे दप्तर : पत्ता आणि नाव

शेतकरी आपल्या शेतास ‘थोरला मळा’ म्हणून ओळखतो; महसूल दप्तरात मात्र त्याच शेताची ओळख गट क्रमांकाने पटते. नाव माणसाच्या सोयीसाठी व क्रमांक दप्तराच्या सोयीसाठी असतो. संगणकांच्या जाळ्यातही हीच व्यवस्था आहे. शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये या जाळ्याशी जोडली गेली असल्याने तिची माहिती केवळ तंत्रज्ञांपुरती राहून चालणार नाही.

अंकांचा पत्ता

जाळ्यातील प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. प्रचलित चौथ्या आवृत्तीचा पत्ता शून्य ते २५५ यांमधील चार संख्यांनी लिहिला जातो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जागतिक साठ्यातील अखेरचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. पत्ते अपुरे पडणार हे आधीच दिसू लागल्याने कार्यालयांतर्गत यंत्रांना खासगी पत्ते देऊन त्या सर्वांसाठी बाहेर एकच सार्वजनिक पत्ता वापरण्याची पद्धत रूढ झाली. कायमचा उपाय म्हणून सहावी आवृत्ती तयार करण्यात आली असून तिचा पत्ता १२८ बिटांचा आहे.

नावांची व्यवस्था

प्रारंभी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवली जाई व इतरांनी तिची नक्कल करून घ्यावयाची असे. यंत्रांची संख्या वाढताच हे काम आवाक्याबाहेर गेले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नवी रचना मांडली. ज्याचा विभाग, त्यानेच त्याचे दप्तर ठेवावे, हे तिचे सूत्र होय.

‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हे नाव संगणक उजवीकडून शोधतो. मूळ दप्तर ‘इन’ विभागाचा ठावठिकाणा सांगते, ‘इन’चे दप्तर ‘गव्ह’चा आणि तेथून अखेरचा पत्ता मिळतो. पत्रावरील राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमासारखाच हा क्रम आहे. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी विभागही उपलब्ध असून मराठीतून नाव नोंदविता येते.

मिळालेले उत्तर मधली यंत्रे ठरावीक काळ जपून ठेवतात. त्यामुळे पत्ता बदलल्यास तो सर्वत्र पोहोचण्यास कित्येक तास लागू शकतात. बदलापूर्वीच हा काळ कमी करून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

दुर्लक्षाचे परिणाम

एकच पत्ता दोन यंत्रांना दिला गेल्यास दोहोंचा संपर्क विस्कळीत होतो. दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना असे घडल्यास नागरिकांचा दिवस वाया जातो. नावाच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. खुल्या विभागातील नावाचे नूतनीकरण राहिल्यास कालांतराने ते कोणीही घेऊ शकतो आणि विश्वासाने आलेला नागरिक आपली माहिती परक्याच्या हाती देऊन बसतो. ‘गव्ह डॉट इन’ हा विभाग शासकीय संस्थांपुरताच राखीव असण्याचे कारण हेच. फसवणुकीस आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेनेही २०२५ मध्ये बँकांना ‘बँक डॉट इन’ हा राखीव विभाग स्वीकारण्यास सांगितले.

करावयाची कार्यवाही

प्रत्येक कार्यालयाने एक नोंदवही ठेवावी. तीत यंत्र, त्याची जागा, पत्ता व दिल्याचा दिनांक यांची नोंद असावी. छपाई यंत्रासारख्या सामाईक साधनांना स्थिर पत्ते द्यावेत व ते आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांतून वगळावेत. नावाची नोंदणी कर्मचाऱ्याच्या वा ठेकेदाराच्या नावे न करता संस्थेच्या नावे करावी. नूतनीकरणाचा दिनांक ठळकपणे लिहावा. बदलीच्या वेळी ही नोंदवही पदभाराच्या यादीत समाविष्ट करावी. जमिनीचे दप्तर चोख असले म्हणजे वाद टळतात. या दप्तराचेही तसेच आहे.